गफूरचाचांची बसकी गाडी

गफूरचाचांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात भांडण कशाला, असं सत्कार समितीतल्या दोघांनी मला हळूच सुचवलं. मी खुद्द चाचांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिहिजो ना. झालं ते झालं." म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचे पावसाळ्याचे दिवस होते. वरवट बकालच्या बसथांब्यापासून थोडं आत गफूरचाचांचं दुकान आहे. सायकली, हातगाड्या, फवारणीचे पंप, डवरे, वखर, जे मोडेल ते तिथं येतं. माझा भाऊ सुनील मला मोटारसायकलवर मागं बसवून आणि माझी सरकारी तीनचाकी सायकल ऑटोत टाकून तिथं घेऊन गेला. मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, चढवला आणि हाताला दाराची चौकट मिळाली तर मी मिनिटभर उभी राहते, पण पाऊल टाकता येत नाही. घरात मी हातांवर सरकत फिरते. ती तीनचाकी मला कॉलेजात असताना एका शिबिरात मिळाली होती आणि तिची चेन घडीघडी उतरायची.

चाचांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, पॅडल हातानं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दुरुस्त होईन. पन हे गाडी तुह्या कामाची नाई."

मी तेव्हा वरवटच्या एका शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. वर्गात पुस्तकी बोलते, पण राग आला की घरची भाषा तोंडात येते. मी म्हटलं, "काम माहं हाय, ते मी पाहीन. तुमी चेन बसवा."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. दुकानात एक स्वच्छ पोतं अंथरलं आणि सुनीलला मला तिथं बसवायला सांगितलं. मग तीनचाकी माझ्यासमोर आणून उभी केली आणि म्हणाले, "आता चढ."

खाली बसल्यावर त्या गाडीची सीट माझ्या खांद्याच्या वर येत होती. मी दोन्ही हातांनी दांडी धरून अंग वर ओढलं तर गाडीच पुढं सरकली. दुसऱ्यांदा चाक धरलं तर हाताला ग्रीस लागलं. सुनील उचलायला पुढं आला, तर चाचांनी त्याला हातानं थांबवलं. चहाच्या टपरीवरचे दोघं-तिघं पाहत उभे होते. माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की माझी जीभ जास्तच चालते. "तमाशा पाहून झाला असन तर चेन बसवा," मी म्हटलं.

चाचा माझ्यासमोर खाली बसले. "रागावू नोको, बेटा. ज्यानं हे गाडी बनवली ना, त्यानं तुले गाडीवर बसलेली पाह्यलं. चढताना नाई पाह्यलं." मग त्यांनी चेन बसवून दिली आणि आम्ही निघालो. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं, आणि इतकी वर्षं ते मला स्वतःला सुचलं नव्हतं, याचा राग जास्त होता.

गफूरचाचांच्या कामाची एक रीत आहे. ती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाला पाहिल्याशिवाय ते माप घेत नाहीत. पुढच्या शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून ते सायकल मारत आमच्या गावी आले. आमचं गाव वरवटपासून पांदण रस्त्यानं अर्ध्या तासाच्या चालीवर. अंगणातल्या बाजेवर ते बसले आणि बसूनच राहिले. बाबांनी विचारलं, "काय काम काढलं, मिस्त्री?" तर म्हणतात, "काई नाई, बाई कशी फिरते ते पाहून राह्यलो." दुसऱ्या कोणी असं उत्तर दिलं असतं तर बाबांनी काठी काढली असती. चाचांचा चेहराच असा की बाबांनी आईला चहा टाकायला सांगितला.

मी स्वयंपाकघरातून ओसरीवर कशी येते, उंबरा कसा ओलांडते, कोणत्या हातावर जास्त भार देते, हे सगळं त्यांनी पाहिलं. मग खिशातून सुतळीचा गुंडा काढला. चाचा टेपनं माप घेत नाहीत. सुतळी धरतात आणि गाठ मारतात. जमिनीपासून कोपरापर्यंत एक गाठ, कमरेपासून गुडघ्यापर्यंत दुसरी, हात पुढं ताणला की कुठवर पोचतो ती तिसरी. मी शिक्षिका, मला राहवलं नाही. विचारलं, "चाचा, टेप काऊन नाई वापरत?" ते म्हणाले, "टेपावर आकडा येते, मानूस नाई येत." त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि त्यातल्या कित्येक खिळ्यांना कोणाची ना कोणाची सुतळी अडकवलेली आहे. कुबडी बनवून नेलेल्यांची, बैलगाडीची पायरी खाली करून नेलेल्या म्हाताऱ्यांची, अशी ती सगळी माणसं. त्या दिवशी माझीही सुतळी तिथं गेली.

गणपती बसायच्या सुमारास गाडी तयार झाली. तिला आम्ही पुढं बसकी गाडी म्हणायला लागलो. बसायची जागा जमिनीपासून वीतभरच वर, म्हणजे मी अंगणातून सरळ सरकत तिच्यावर जाऊ शकते. जुन्या मोपेडची रुंद चाकं, कारण आमच्या काळ्या मातीच्या गाऱ्यात सायकलचं बारीक चाक रुतून बसतं. पॅडलच्या जागी दोन दांडे, ते पुढं-मागं ढकलायचे, म्हणजे खांद्यांचं बळ लागतं, मनगटं दुखत नाहीत. उजवा दांडा जरा आत वाकवला की गाडी वळते. मी पहिल्यांदा ती चाचांच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणालाही "जरा हात दे" न म्हणता कुठंतरी गेले होते. मी दुकानासमोर थांबून रडले. चाचांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चाकाचा एक नट उगाचच आवळत बसले.

आता गाडी घरी न्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घाईलाही कारण होतं. सुनीलला खामगावला नोकरी लागली होती आणि दिवाळीनंतर तो जाणार होता. आतापर्यंत तोच मला शाळेत सोडायचा. आमचे मुख्याध्यापक भले होते पण वेळेचे पक्के. नोकरी कायम व्हायची होती आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, प्रार्थनेच्या आधी रोज हजर राहता आलं पाहिजे. ते जमणार नसेल तर मी वर काय लिहू?" बाबा गाडीची किंमत द्यायला तयार होते. गावात वर्गणी काढू म्हणणारे होते. एका पुढाऱ्यांनी तर आपल्या वाढदिवसाला ती गाडी मला भेट द्यायची तयारी दाखवली, फोटोग्राफरसह.

चाचांनी सगळ्यांना नाही म्हटलं. "गाडी तुहीच हाय, बेटा. पन ते पंचायतीच्या कागदावरून तुह्याकडे आली पाह्यजे."

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला काही भाग दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. पण त्यातून मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत तीनचाकी, चाकाची खुर्ची आणि कुबड्या एवढंच होतं. बसकी गाडी कोणाच्या ऐकिवातही नव्हती. मी चाचांना म्हटलं, तोवर मला वापरायला तरी द्या. त्यावर ते म्हणाले, "तू गाडीवर दिसली का साहेब लिहीन, गाडी हाय, गरज नाई. संपलं मंग." हे खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मला चाचांचा भयंकर राग आला. ज्या गाडीनं मला माझी नोकरी राखता आली असती ती गाडी दुकानात उभी, आणि तिचा बनवणारा मला हात लावू देत नाही.

तेव्हा त्यांनी मला खातूनबींबद्दल सांगितलं. खातूनबी त्यांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच्या तापात त्यांचे पाय गेले होते. एका भल्या माणसानं चार लोकांसमोर त्यांना चाकाची खुर्ची दिली. दोन महिन्यांत तिचं पुढचं चाक निखळलं. चाचांच्या वडिलांना त्या माणसाकडे जाऊन सांगता येईना. त्यांनी दिली, त्यांच्याच तोंडावर खराब निघाली म्हणून कसं सांगायचं? खुर्ची कुडाला टेकून उभी राहिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या आणि खातूनबी ओट्यावर. पुढची सगळी वर्षं त्या ओट्यावरच राहिल्या. "दान भेटलेल्या चिजेची तक्रार करता येत नाई, बेटा," चाचा म्हणाले. "हक्काच्या चिजेची येते. मी तुले फुकट देईन, तर एकट्या तुले भेटन, अन् मोडली का तू गप बसशीन. कागदावर आली, तर तुह्यामागून दुसऱ्याले बी भेटन."

मला हे पटलं असं नाही. पण खातूनबींच्या खुर्चीवरच्या कोंबड्या डोळ्यांपुढून जाईनात, म्हणून मी अर्ज लिहायला बसले.

मराठीची शिक्षिका म्हणून मी तो अर्ज फार मन लावून लिहिला होता. "मी एक अभागी अपंग मुलगी असून, आपण कृपाळू अंतःकरणाने" वगैरे. चाचांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो, पण ऐकून त्यांना सगळं कळतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "अभागी काऊन लिहितं? तुह्या नशिबाचं पंचायत काय करीन? रस्ता खराब हाय, ते लिही. सीट किती उंच हाय, ते लिही." मी तो अर्ज फाडला. दुसऱ्या अर्जात एवढंच लिहिलं की घरापासून शाळा किती दूर आहे, वाटेत कोणती माती आहे, दिलेल्या गाडीची सीट कुठवर येते आणि मी जमिनीवरून तिच्यावर का चढू शकत नाही. सोबत चाचांनी बनवलेल्या गाडीचं चित्र काढून जोडलं. त्यानंतर आजपर्यंत मी कितीतरी मुलांना अर्जलेखन शिकवलं आहे, आणि दरवर्षी फळ्यावर पहिलं वाक्य तेच लिहिते, "रस्ता खराब आहे, ते लिहा."

अर्ज वर गेला आणि पडताळणीसाठी एक साहेब घरी येणार असा निरोप आला. आता जे घडलं ते आमच्या गावच्या माणसांकडूनच घडू शकतं. बाबांनी आम्हा भावंडांना एक गोष्ट रक्तात भिनवली होती. मोठं माणूस दारात आलं की उठून उभं राहायचं. आजोबा आले, गुरुजी आले, तलाठी आले, उभं राहा. मी लहान असताना बाबा मला काखेत धरून उभी करायचे. कॅलिपर आल्यावर मी चौकट धरून स्वतः उभी राहायला शिकले. गावात त्याचं कौतुक व्हायचं. पोरगी अशी असून मानपान चुकत नाही, म्हणायचे.

चाचा सकाळपासून येऊन बसले होते. साहेबांची गाडी अंगणात थांबली. मी सकाळी सकाळी कॅलिपर चढवला होता, चांगली साडी नेसले होते. साहेब ओसरीवर आले आणि मी चौकट धरून ताठ उभी राहिले, हसून नमस्कार केला. चाचाही उठले, बाबाही उठले. साहेबांनी चहा घेतला, दोन प्रश्न विचारले, कागदावर काही लिहिलं आणि निघून गेले. बाबा मला म्हणाले, "वा, छान वागली." चाचाही कौतुकानं मान डोलवत होते.

आठवडाभरात उत्तर आलं. अर्जदार आधाराने उभ्या राहतात. तीनचाकी यापूर्वी मिळालेली आहे. अन्य साधनाची गरज आढळत नाही.

मी तो कागद घेऊन चाचांच्या दुकानात गेले. वाटलं, आता तरी ते गाडी देतील. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "चूक माही बी हाय. तू उभी राह्यली ना, मले लय आनंद झाला होता. म्या बी नाई ओळखलं. उभं राहनं अन् जानं, दोन कामं हायत. साहेबाले एकच दिसलं. त्याहीचं काय चुकलं, आपून दाखवलंच तेवढं." साहेबांना शिव्या घालायची माझी पूर्ण तयारी होती. चाचांनी मला ती संधीही दिली नाही.

दिवाळी झाली आणि सुनील खामगावला गेला. त्यानंतरचा महिना मी शेजारच्या काकांच्या बैलगाडीतून शाळेत गेले. काका त्यांच्या सोयीनं निघायचे, त्यामुळं मी कधी प्रार्थना संपल्यावर पोचायची, कधी पहिला तास संपल्यावर. मुख्याध्यापकांनी एकदा तोंडी सांगितलं, दुसऱ्यांदा लेखी दिलं. तिसऱ्यांदा काय होणार हे मला न सांगता कळत होतं. रोज बैलगाडी चाचांच्या दुकानावरून जायची आणि आत ती गाडी दिसायची, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून चाचांनी चादर टाकलेली. त्या महिन्याचा राग माझ्या मनात आजही थोडा शिल्लक आहे. गौरवलेखात तो लिहिला नाही तर हा लेख खोटा होईल.

मग ग्रामसभा आली. चाचा वरवटचे, आमच्या गावचे मतदार नाहीत, त्यामुळं त्यांना सभेत बोलता येणार नव्हतं. "बोलाचं तुलेच हाय," ते म्हणाले. "अन् एक ध्यानात ठेव. उभी राहू नोको."

आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी वेळेआधी बैलगाडीतून उतरून पोत्यावर बसले होते आणि काकांना सांगून माझी जुनी तीनचाकी सोबत आणवली होती. चाचा कुंपणाबाहेर लिंबाखाली बसले. सरपंच आले आणि सगळं पटांगण उठलं. मी बसून राहिले. माझे हात आपोआप शेजारच्या खांबाकडे गेले होते, ते मी मांडीखाली दाबून धरले. गावातले एक आजोबा मागून म्हणाले, "बाई, सरपंच आले." मी म्हटलं, "आजोबा, उभी राह्यली का मले गाडी भेटत नाई. मागच्या खेपेले राह्यली होती." काही लोक हसले. बाबा खाली मान घालून बसले. त्यांना काय वाटत होतं ते मला समजत होतं, आणि मलाही तेच वाटत होतं.

माझा विषय आला. ग्रामसेवकांनी वरून आलेलं उत्तर वाचून दाखवलं आणि म्हणाले, "यादीत बसत नाही, बाई. आम्ही तरी काय करणार?"

मी सरपंचांना म्हटलं, "साहेब, एक विनंती हाय. जरा खाली बसता का?" आमचे सरपंच तेव्हाही मनमोकळे होते. बसले. मी तीनचाकी त्यांच्यासमोर करायला सांगितली. "आता पाय न लावता चढा."

ते हसले आणि दांडी धरून जोर लावला. गाडी पुढं पळाली. पटांगणात हशा पिकला. त्यांनी चाक धरलं, एका हातानं सीट गाठली आणि अर्धे वर गेले, तर गाडी कलली आणि ते कुशीवर पडले. धोतराला माती लागली. लोक पुन्हा हसले, पण या वेळी कमी. तिसऱ्यांदा प्रयत्न करताना सरपंचांनी नकळत पायाची टाच टेकवली. मी म्हटलं, "पाय लागला, साहेब." त्यानंतर कोणी हसलं नाही. सरपंच तिथंच मातीत बसून राहिले आणि त्यांनी मला विचारलं, "मंग तू घरी हिच्यावर कशी चढते?"

"नाई चढत," मी म्हटलं. "सुनील चढवत होता. तो आता खामगावले हाय."

मग मी सगळं सांगितलं, अर्जात होतं तसंच. घर, पांदण, माती, सीट, शाळा, आणि मुख्याध्यापकांचं लेखी पत्र. अभागी शब्द एकदाही आला नाही. ग्रामसेवकांनी ठराव लिहायला घेतला. यादीतलं साधन ज्या दिव्यांग व्यक्तीला घराच्या व रस्त्याच्या परिस्थितीमुळं वापरता येत नसेल, तिला तिच्या मापाचं दुसरं साधन राखीव निधीतून द्यावं, असा तो ठराव. माझं नाव त्यात उदाहरण म्हणून आलं. तेवढ्यात कुंपणाबाहेरून चाचांचा आवाज आला, "दुरुस्ती बी लिहा." कोणीतरी म्हणालं, मिस्त्री, तुमचं इथं मत नाही. सरपंच कपडे झटकत म्हणाले, "मत नसन, पन बरोबर बोलून राह्यले. लिहा." दुरुस्तीही लिहिली गेली.

ठरावाबरोबर अर्ज पुन्हा वर गेला आणि तेच साहेब पुन्हा आले. त्यांच्याबद्दल मला चांगलंच लिहायचं आहे. या वेळी मी जमिनीवर बसूनच नमस्कार केला आणि म्हटलं, "साहेब, घरात नको, शाळेपर्यंत माझ्यासोबत या." त्यांनी आपली गाडी तिथंच ठेवली आणि बैलगाडीमागून पांदणीनं पायी शाळेपर्यंत आले. प्रार्थना संपली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत जाताना वाटेत चाचांच्या दुकानात थांबून चादरीखालची गाडी पाहिली. महिन्याभरात मंजुरी आली आणि गाडी पंचायतीच्या कागदावरून माझ्या अंगणात आली. मुख्याध्यापकांचं तिसरं पत्र कधी आलंच नाही. आता मी त्याच शाळेत कायम आहे आणि रोज प्रार्थनेच्या आधी पोचते. उशीर करणाऱ्या मुलांना मी जरा जास्तच रागावते, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे.

तक्रारीवरून आठवलं. पुढच्या उन्हाळ्यात गाडीचा डावा दांडा कुरकुरायला लागला, बेअरिंग गेलं होतं. मी गाडी घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आधी पंचायतीत तक्रार दे." मी म्हटलं, चाचा, तुम्हीच बनवली, तुम्हीच समोर बसला आहात. "म्हनूनच. माह्या गाडीची माह्यावर तक्रार लिही. नाई लिहिली तर ते दुरुस्तीचं कलम कायले लिहिलं?" मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहिली. मिस्त्रींनी बसवलेलं बेअरिंग हलक्या प्रतीचं निघालं, हे वाक्य त्यांनी स्वतः मला सांगून लिहायला लावलं. पंचायतीनं त्यांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. ते पत्र हातात आल्यावर त्यांनी गाडी उघडली. त्या दिवसाइतके खूश झालेले चाचा मी फार कमी वेळा पाहिले आहेत.

त्या ठरावावरून मग दुसऱ्या गावांनीही विचारायला सुरुवात केली. मेहकरहून एक बाई आल्या, त्यांना बाजारात भाजीच्या टोपल्यासकट बसता येईल अशी गाडी हवी होती. सुलतानपूरचे एक शेतकरी आले, त्यांना बांधावरून जाता येईल अशी. चाचा प्रत्येकाच्या गावी जाऊन आधी बसून आले. वयाच्या सत्तरीतही बस बदलून जायचे आणि तिथल्या अंगणात तास-दोन तास गप्प बसायचे. घरच्यांना सांगायचे, चहा नको, पाणी द्या. प्रत्येकाला अर्ज लिहायला मात्र ते माझ्याकडे पाठवतात. आतापर्यंत त्यातले काही मंजूर झाले, काही अडकले, दोन तर सरळ नाकारले गेले. नाकारलेल्यांच्या सुतळ्या चाचांनी खिळ्यावरून काढलेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मानूस हाय ना अजून, मंग सुतळी काऊन काढू?"

चाचांचे दोषही मला माहीत आहेत. ते हट्टी आहेत. कोणी भाषण सुरू केलं की उठून जातात, त्यामुळं स्वतःच्या सत्कारातून उठून जाणार नाहीत याची समितीनं काळजी घ्यावी. जेवायचं विसरतात आणि मग चाची माझ्याकडे येऊन त्यांची तक्रार करतात. ती तक्रार मी लेखी घेत नाही. कोणी पाया पडायला वाकलं तर पाय मागं घेतात. माझ्या बाबांच्या आजारपणात ते रोज संध्याकाळी येऊन बाजेजवळ बसायचे, पहिल्या दिवशी बसले होते तसेच, न बोलता. शेवटच्या दिवसांत बाबा एकदा त्यांना म्हणाले, "मिस्त्री, तुमी पोरीले बसाले शिकवलं." बाबांना त्याचं बरं वाटलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्यांनी चाचांचा हात धरून ठेवला होता.

गफूरचाचांना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. हात थोडे थरथरतात, पण गाठ अजून पक्की बसते. त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर अजून बरेच खिळे रिकामे आहेत, आणि आमच्या तालुक्यात अशी माणसं बरीच आहेत ज्यांना कोणी चढताना पाहिलेलं नाही. त्या सगळ्यांच्या अंगणात जाऊन बसण्याइतकं बळ चाचांच्या पायांत राहो, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, चाचींच्या हातचं त्यांना वेळेवर मिळावं आणि ते त्यांनी वेळेवर खावं, एवढं मागणं मागते.

सत्काराच्या दिवशी शाल घातली जाईल तेव्हा सगळा मंडप उभा राहील. माझ्या शेजारी बसलेल्यांनी कृपा करून मला दंडाला धरून उठवू नये, खांबही जवळ आणू नये. या तालुक्यात ज्यांच्यासाठी मला सगळ्यात आधी उठून उभं राहावंसं वाटतं ते गफूरचाचा आहेत. चाचा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. त्या दिवशी मी बसूनच राहीन.